मागच्या दाराची दोरी

बाबांची तेरवी आटोपली. आई आता शहापूरच्या घरी एकटीच राहणार, म्हणून चोरासाठी अलार्म बसवायला रिताने भंडाऱ्याहून माणूस बोलावला.

"वायरवाला पक्का राहते ताई, पण वायरलेसले भिंत फोडा लागत नाही," असं म्हणत त्याने मागचं दार ओढलं. फळीवर रचलेली पातेली, पितळी गंज, धडाधड खाली आले. शेजारचे मनिषभाऊ काठी घेऊन धावले आणि त्यांनी अलार्मवाल्याचीच कॉलर धरली.

"त्या दाराले तुह्या बाबाची दोरी हाय ना," आई म्हणाली. "सांगाचं राहूनच गेलं."

रिताने गंज पुन्हा फळीवर रचले. दोरी कडीपासून गंजांपर्यंत ताणून बांधली.

"वायरलेसच लावा, भाऊ," ती म्हणाली. "वायरवाला तर बाबाच लावून गेले."