गोळी की सुई?
टेलरबाईला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाल्याचं कळून महिना लोटला होता. डॉक्टरबाईंनी टेबलावर गोळ्यांचं पाकीट आणि घरी स्वतः टोचून घ्यायला शिकण्यासाठी सरावाचं इंजेक्शन एकाशेजारी एक ठेवलं. तिने झटकन पाकीट उचललं. “दिवसभर सुईशीच तर खेळतेस,” शेजारी बसलेला नवरा हसला. “ती कापडाला टोचते, मला नाही!” डॉक्टरबाई म्हणाल्या, “घाई नको. मूल हवंय का तुम्हाला?” दोघांचं हसू मावळलं. आजार कळल्यापासून तो विषय त्यांनी घरात काढलाच नव्हता. “आता कसलं मूल!” ती पुटपुटली. “का नाही? या गोळ्या चालू असताना दिवस राहिलेले चालत नाहीत. हे इंजेक्शन मात्र गरोदरपणातही घेता येतं.” “म्हणजे आम्हाला... खरंच?” नवरा खुर्चीतून पुढे झुकला. “खरंच.” तिला हसू आवरेना, रडूही. पाकीट बाजूला सारून तिने इंजेक्शन उचललं, बाही खांद्यापर्यंत दुमडली. “बोला डॉक्टरबाई, कुठे टोचायचं? आत्ताच शिकवा मला!”