‘पोहोचलो’चं बटण

“आमचीच वस्ती बघा, फोन आल्यापासून पोहोचायला सरासरी पाच मिनिटं!” साहेबांनी पडद्यावरच्या हिरव्या आकड्यावर बोट ठेवलं. “मग तिथे दोन रुग्णवाहिका कशाला? एक काढून घ्या.”

जुना ड्रायव्हर चुळबुळत म्हणाला, “साहेब, सहाच्या वर गेलं की नोटीस येते. म्हणून पाच झाली की असू तिथूनच आम्ही ‘पोहोचलो’चं बटण दाबतो.”

“उगाच फाटे फोडू नका. आकडे समोर आहेत.”

पंधरवड्याने ऑफिसात साहेबांना घरून बायकोचा फोन आला. “अहो, बाबा कोसळलेत! रुग्णवाहिका बोलावलीय, कुठवर आलीय बघा ना!”

साहेबांनी लगेच पडद्यावर ती गाडी शोधली. हिरवा दिवा बघून त्यांच्या जिवात जीव आला.

“अगं, पोहोचली की! बरोबर पाचव्या मिनिटाला.”

“मी दारातच उभी आहे हो. रस्त्यावर चिटपाखरू नाही.”