पोस्टातला ॲडमिरल

जालन्यात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या अवधूतरावांनी चरित्रकोशासाठी एका ब्रिटिश ॲडमिरलची नोंद मराठीत आणली होती आणि आज ती छापली जाणार होती. घरची प्रत वाचताना त्यांच्या पत्नी रजनीताईंनी विचारले, “अहो, जहाजावरचा माणूस मधेच वीस वर्षं टपाल खात्यात कशाला गेल्ता?” “मूळ नोंदीत ‘पोस्ट कॅप्टन’ आहे.” “मंग पत्रं वाटून ॲडमिरल झाला का?” अवधूतरावांनी शब्दकोश उघडला. ‘पोस्ट कॅप्टन’ म्हणजे युद्धनौकेचा ताबा मिळालेला कप्तान. ॲडमिरलपदाची वाट तिथूनच सुरू होई. जन्मभर मुलांच्या चुकांवर लाल रेघा मारणाऱ्याचे नाव त्या नोंदीखाली छापले जाणार होते. छापखान्यात फोन लागला. “छपाई थांबव जगन्नाथ, चूक आहे.” “सुरूच कुठं झाली सर, सकाळपासून लाइट न्हाई. राजूरच्या गणपतीची कृपा.” एरवी अवधूतरावांनी अशा कृपेचा पुरावा मागितला असता, आज “बराबर” म्हणाले.