घाबरणारी क्रेन

हिंगणघाटजवळच्या नव्या ड्राय पोर्टवर, म्हणजे कंटेनर चढवण्या-उतरवण्याच्या कोरड्या बंदरावर, पहिली मालगाडी दुपारी यायची होती आणि चालकाविना चालणारी क्रेन सकाळपासून तीन नंबरच्या यार्डात पाऊल टाकायला तयार नव्हती. अपघात टळावेत म्हणून अशा यंत्रांना आता भीती शिकवत. इथे ते काम मंदाताई खोब्रागडे करायच्या.

"ताई, तुम्ही तिला फारच भित्री करून ठेवलीय," इंजिनिअर दहिफळे वैतागले. "जमिनीची तपासणी तीनदा झालीय!"

"ती उगाच नाही घाबरत जी. खाली पोकळ लागलं असंल तिला. खोदून तर पाहा."

दहिफळ्यांनी नाइलाजानं काँक्रीट फोडायला लावलं. खाली जुनी, अर्धवट बुजवलेली विहीर निघाली. भरल्या कंटेनरसकट क्रेन थेट आत गेली असती.

पहिल्या गाडीचा माल शेजारच्या यार्डात उतरवला. पंधरा दिवसांनी विहीर पक्की भरून झाली, तेव्हा क्रेन कंटेनर घेऊन तिच्यावरून डौलात पलीकडे गेली. मजुरांनी टाळ्या वाजवल्या. दहिफळे मात्र अलीकडेच उभे होते.

"या न जी साहेब," पलीकडून मंदाताईंनी हाक मारली, "ती पोचली, तुम्हीच राहिले!"

दहिफळे एकेक पाऊल चाचपत निघाले आणि अर्ध्यावर त्यांनाच जोरात हसू फुटलं.