मुठीतली मुद्रा

हुतरानने भावाच्या बंद मुठीवर हातोडी घातली. करंगळी मोडली. मूठ उघडली नाही.

सकाळी त्यानेच भोसकलेला शिमुट चटईवर ताठ पडला होता. अंगणातल्या पंचांना एवढंच ठाऊक होतं, की शिमुट आजारी आहे आणि घरदार, मुद्रा कोरायची जागा भावाच्या नावे करतो आहे. मातीची पाटी लिहून तयार होती, ओली होती. तिच्यावर शिमुटच्या मुठीतल्या, लाटण्यासारख्या फिरवायच्या दगडी मुद्रेचा ठसा तेवढा हवा होता.

"तू उघड," हुतरान शिमुटच्या मुलीला, बारुलीला, म्हणाला.

बारुली हलली नाही. त्याने सुरीची मूठ तिच्या कानावर हाणली. "आवाज केलास तर याच चटईवर निजशील."

बाहेरून म्हातारी पंच ओरडली, "काय रे, मुद्रा फिरवतोयस की नवीन कोरतोयस? ऊन चढलं."

"आलोच, आजी. भावाचा हात थरथरतोय."

"त्याचा थरथरू दे. पाटी खोटी निघाली तर तुझा हात छाटतील, वर जीभही."

पंच हसले.

उरलेली बोटं त्याने एकेक करून मोडली. बारुली प्रत्येक आवाज ऐकत राहिली. याच बोटांनी तिला दगड कसा धरायचा ते शिकवलं होतं. मूठ इतकी घट्ट होती, म्हणजे मुद्रेला अजून कुणाचा हात लागला नसणार, असं हुतरान धरून चालला. रक्ताळलेली मुद्रा अंगरख्याला पुसली न पुसली, पाटीवर फिरवली आणि ठसा न पाहताच बारुलीला पुढे ढकलत तो अंगणात आला.

म्हातारीने पाटी हातात घेतली. साक्षीसाठी तिला मातीत नख उमटवायचं होतं. ठशात बोकड होता, झाड होतं, आसनावर बसलेला देव होता. आणि देवाच्या मस्तकापासून पायापर्यंत एक सरळ चीर होती.

नख वरच्या वर थांबलं. सुसा नगरीत मुद्रेवर अशी चीर एकदाच पाडतात. मालकाचा श्वास थांबला की घरचं माणूस ती पाडतं आणि मुद्रा मेलेल्याच्याच मुठीत मिटून ठेवतं.

"शिमुट कसा आहे, पोरी?" म्हातारीने हळू विचारलं.

बारुलीच्या कानातून रक्त ओघळत होतं. तिने रांजणातून वाडगंभर पाणी घेतलं आणि हुतरानसमोर धरलं.

"काका, हात धुऊन घ्या," ती म्हणाली. "आहे तोवर."