चौदावं स्टेज

“तेवढा सेट नको उचलू. बाकी सगळं ने,” शत्रुघ्नकाका म्हणाले.

कौस्तुभनं हात मागे घेतला. जुने टीव्ही गेम जमवायचा त्याला नाद होता. शाळेत असताना आईनं त्याचा सेट भंगारात घातला होता, ते त्याला अजून सलत होतं. कोणाच्या माळ्यावर कॅसेटी पडल्यात असं कळलं, की रविवारी तो चंदनसारहून निघायचाच. आज गिरीज गावात शत्रुघ्नकाकांच्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात बारा कॅसेटी निघाल्या. त्यानं सवयीनं एकीवर फुंकर मारली आणि मे महिन्याची अख्खी सुट्टी डोळ्यांपुढे उभी राहिली.

काकांनी मग सेटचं सांगितलं. दहा वर्षांपूर्वी ते केळी घेऊन बाजारात गेले होते. त्यांचा पोरगा अल्पेश केळीच्या वाडीतला पंप बंद करायला गेला आणि शॉक लागून तिथंच संपला. काका धावत घरी आले तेव्हा टीव्हीवर विमानाचा खेळ थांबवलेला होता. चौदावं स्टेज. टीव्ही बंद केला तरी सेट त्यांनी चालूच ठेवला, तो खेळ बंद होऊ दिला नाही. रोज दिवा लावला की हंसाकाकू टीव्ही लावून तेवढं बघायची.

“पण काका, लाईट गेली की सगळं पुसलं जातं.”

“तिला ठाव नाय. कॅसेटच्या ध्यानात ऱ्हाते, असं मीच सांगितलंय.”

पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा काकू माहेरी होती. तेवढ्या आठ दिवसांत काका खेळ शिकले. आता लाईट रोज दुपारी जायची आणि पाचला यायची. काकू भजनाहून सहाला परतायची. मधल्या तासात काका विमान चौदापर्यंत न्यायचे. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एका विमानाची दोन दिसायची.

“आज तू ने,” ते म्हणाले. “तिला दुसरा आकडा दिसला तर पोर पुन्हा गेलं असं वाटंल.”

कौस्तुभ बसला. दोनदा नवव्या स्टेजला विमान पडलं. तिसऱ्यांदा अकरावं लागलं आणि फाटक वाजलं. त्यानं खेळ थांबवला. काकांचा चेहरा उतरला.

काकू आत आली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग दोघांकडे. पोरगा कोण, कशाला आला, सगळं विचारून घेतलं. पाहुण्याला नुसतं बसवून ठेवलं म्हणून काकांना दोन शब्द सुनावले आणि वाडीतून केळ्यांचा घड काढून आणायला पिटाळलं. काका मागे बघत बघत गेले.

काकू कौस्तुभच्या शेजारी जमिनीवर बसली.

“दे.”

तिनं कंट्रोलर घेतला. हाताकडे ती बघतही नव्हती. कुठल्या ढगामागून काय येणार, ते अंगठ्याला आधीच ठाऊक होतं. बारावं गेलं. तेरावं गेलं. चौदावं लागताच तिनं खेळ थांबवला आणि कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवला.

“त्यांना सांग, तूच आनलंस.”

अल्पेशनं शिकवलं का, असं कौस्तुभनं हळूच विचारलं.

“त्यानंच,” काकू म्हणाली. “त्या दिवशी मीच खेळत होते. हातातला डाव सुटंना, म्हनून पंप बंद करायला त्याला धाडलं.”