दहावं चित्र

आमच्या चित्रकार संघाला पन्नास वर्षं झाली, म्हणून इतिहासाचं पुस्तक निघतंय. त्यातलं 'समाजसेवा' हे प्रकरण मीच लिहिलंय, आणि स्वतःचं कौतुक करताना हात आखडता घेतलेला नाही. नव्व्याण्णव सालच्या चक्रीवादळात आमच्या केंद्रापड्याकडच्या किनाऱ्यावरची घरं वाहून गेली, आणि त्यांच्यासोबत मेलेल्या माणसांचे फोटोही. दहाव्याला हार घालायला काहीतरी हवं, म्हणून आम्ही दारोदार बसलो, घरच्यांनी सांगितलेल्या वर्णनावरून फुकट चित्रं काढून दिली. मी एकट्याने दोन दिवसांत नऊ काढली.

माझे वडीलही त्याच पाण्यात गेले. आई त्यांचं चित्र मागायची. मी म्हणायचो, "उद्या काढतो." पंचवीस वर्षं तेच म्हणतोय.

काल आमचे अध्यक्ष मायाधरबाबू पुस्तकासाठी त्या नऊ चित्रांचे फोटो घेऊन घरी आले, चटईवर मांडून बसले.

"गोलक, लोक अजून रोज हार घालतात रे! एक म्हातारी म्हणाली, हसले की अस्सेच दिसायचे."

मुढीची, म्हणजे कुरमुऱ्यांची, थाळी घेऊन आलेली आई तिथेच खाली बसली. तिने एका चेहऱ्याची मिशी बोटाने झाकली, मग दुसऱ्याची दाढी, मग तिसऱ्याचा चष्मा. माझी मान खाली गेली.



"नऊ घरांत पोचवलंस बापाला," ती म्हणाली. "आपल्याच घरी आणायला तेवढं जमलं नाही, होय रे?"